पाण्याचं पंचांग

"तुमच्याकडे फ्लाय फिशिंगला कधी यावं?" असं विचारणारे फोन मला पुण्या-मुंबईहून येत असतात. समोरच्याला तारीख हवी असते. रजा टाकायची असते, गाडीचं बुकिंग असतं, घरी सांगायचं असतं. मी तारीख देत नाही. धोम धरणाच्या खाली पाणी किती आहे, बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघालेत का, संध्याकाळी पुलाच्या दिव्याखाली कुठली पाखरं दिसतात, एवढं सांगतो. मग विचारतो, "चार दिवस पुढे-मागे करता येईल का?" ज्यांना येतं, त्यांची सहल सहसा चांगली होते.

हे तऱ्हेवाईक वाटेल, म्हणून थोडं मागून सांगतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळीही नसते. आकड्यावर पिसं, रेशीम, लोकर, तांब्याची बारीक तार बांधून एक खोटा किडा तयार करायचा आणि तो पाण्यावर खऱ्यासारखा वाहत न्यायचा. किड्याला वजन जवळजवळ नसतंच. त्याला लांब नेते ती जाड दोरी, आणि ती फेकायला शिकण्यात पहिले कित्येक महिने जातात. पण फेक कितीही सुंदर असली तरी त्या वेळी मासा जे खात नाही ते त्याच्या तोंडासमोरून नेलं, तर तो बघतसुद्धा नाही. म्हणून या छंदाचा अर्धा अभ्यास माशांचा नसतो, पाण्यातल्या किड्यांचा असतो. एखाद्या जातीचे किडे एकाच वेळी हजारोंनी पाण्यातून वर येतात, पंख पसरतात आणि उडतात. त्याला आम्ही हॅच म्हणतो. सहलीची वेळ ठरवायची ती त्या हॅचवर.

यातला राजा मेफ्लाय. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत याच्या पूर्वजांचे ठसे सापडतात. हा कीटक आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ पाण्याखाली काढतो. दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून शेवाळ खरवडतो, अंगाच्या कडेला असलेल्या कल्ल्यांनी श्वास घेतो आणि वाढेल तशी कात टाकतो. वाढ पूर्ण झाली की एक दिवस तो पृष्ठभागाकडे निघतो. वर येता येता पाठीवरची कात फाटते आणि त्यातून पंख असलेला जीव बाहेर पडतो. पंख धुरकट, अंग मंद रंगाचं. तो कसाबसा उडून काठावरच्या झाडीत जाऊन बसतो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा दुसरा कीटक आज जगात नाही. या शेवटच्या कातीनंतर पंख काचेसारखे स्वच्छ होतात, शेपट्या लांब होतात. आता त्याला खायला चालणारं तोंडच उरलेलं नसतं. काही तास, फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात हवेत थवा करायचा, जोडी जमवायची, अंडी पाण्यात सोडायची आणि पाण्यावरच पंख पसरून पडायचं.

माशाला यातला प्रत्येक टप्पा म्हणजे वेगळं जेवण. आणि तो ते प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या पद्धतीनं खातो. काठावर बसून हे वाचायला शिकणं मला या छंदातलं सगळ्यात सुंदर शिक्षण वाटतं. पृष्ठभागाच्या जरा खाली धडपडणारा, अजून पंख न सुटलेला किडा मासा खात असेल, तर पाणी नुसतं फुगल्यासारखं होतं. पाठ दिसते, तोंड दिसत नाही. वर तरंगणारा, पंख उभे केलेला किडा खाताना नाक बाहेर येतं आणि गोल तरंग उठतो. संध्याकाळी मेलेले किडे पंख पसरून वाहत येतात तेव्हा मासा अगदी सावकाश, चहा फुरकल्यासारखा ते ओढून घेतो. त्यांना पळून जायचं नसतं, हे त्याला ठाऊक असतं. कॅडिस जातीची माशी मात्र पाण्यावर उड्या मारत अंडी घालते, तिच्यासाठी मासा खळ्ळकन उसळतो. म्हणून नदीवर पोचल्यावर मी पहिला अर्धा तास दोरी काढतच नाही. दोन-चार दगड उलटून खालचे किडे बघायचे, कोळ्याच्या जाळ्यात काय अडकलंय ते बघायचं, दगड होते तसे परत ठेवायचे. कोळी आपल्या आधी रात्रभर तिथे बसलेला असतो.

आता हे किडे ठरावीक वेळीच का येतात? थंड प्रदेशात याचं उत्तर बहुतांशी उबेत आहे. पाण्यातल्या किड्याची वाढ पाण्याच्या तापमानावर चालते. रोजच्या उबेची बेरीज होत जाते आणि ती एका पातळीला पोचली की किडा तयार होतो. शेवटचा इशारा पुष्कळदा त्या दिवसाचं पाणीच देतं. अमेरिकेतल्या कॅट्स्किलच्या डोंगरात हेंड्रिक्सन नावाची मेफ्लाय एप्रिलच्या शेवटी येते, पण मुरलेले लोक कॅलेंडर बघत नाहीत, दुपारी पाण्यात थर्मामीटर बुडवतात. पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर सरकलं की ते काठावर येऊन थांबतात. काही जण अंगणातल्या फोर्सिथियाच्या पिवळ्या फुलांकडे बघून ठरवतात, कारण तेही झाड त्याच उबेचा हिशेब ठेवत असतं. पश्चिमेकडे मॅडिसन नदीवर सॅमनफ्लाय नावाची बोटाएवढी स्टोनफ्लाय, म्हणजे पाण्यातच वाढणारी आणखी एक माशी, येते. तीन-चार वर्षं पाण्याखाली काढून जून-जुलैत ती बाहेर पडते, आणि तिची लाट रोज थोडी थोडी नदीच्या वरच्या अंगाला सरकत जाते. खालचं पाणी आधी तापतं, वरचं नंतर. तिथला माणूस सहलीची तारीख ठरवत नाही, नदीवरचं ठिकाण बदलत राहतो. हंगेरीत टिसा नदीवर जूनच्या मध्यावर मोठ्या मेफ्लाय इतक्या उठतात की नदीला फुलोरा आला असं लोक म्हणतात. तीन वर्षं काठाच्या चिकणमातीत घर करून राहिलेले ते जीव, आणि त्यांचा सोहळा काही दिवसांत आटोपतो.

आपल्या देशात हा थंड पाण्याचा हिशेब करायचा तर हिमालयात जावं लागतं. मी तीर्थन खोऱ्यात जातो. तिथले ट्राउट मासे इंग्रजांच्या काळात आणून सोडलेले, पण आता नदीशी एकजीव झालेत. हिमाचलमध्ये १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ. मार्चला पाणी उघडतं. तेव्हापासून बर्फ जोरात वितळून नदी दुधट होईपर्यंतचा जो काळ मिळतो तो फार मोलाचा. मार्चमध्ये पहाटे उठून नदीवर धावण्यात अर्थ नाही. पाणी बर्फासारखं, मासा तळाशी, किडा दगडाखाली. निवांत नाश्ता करावा, अकराच्या पुढे उतरावं. ऊन पाण्यात शिरून दोन अंश वाढले की दुपारी एखाद-दीड तास किडे उठतात आणि तेवढाच तो दिवस. मे महिन्यात उलटं होतं, दुपार निकामी आणि संध्याकाळ सोन्याची. आभाळ भरून झिमझिम लागली असेल तर बाकीचे पर्यटक खोलीत बसतात, आम्ही मात्र बाहेर पडतो. ओल्या हवेत मेफ्लायचे पंख लवकर वाळत नाहीत, ती पाण्यावर जास्त वेळ वाहत राहते, आणि माशाला ते बरोबर कळतं.

पण मी साताऱ्याचा. माझी नदी कृष्णा. महाबळेश्वरला उगम पावून धोम, मेणवली, वाई करत ती माहुलीला येते, तिथे वेण्णा तिला मिळते. पुढे कऱ्हाडला कोयना समोरासमोर येऊन भिडते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. इथे ट्राउट नाही, बर्फ नाही, शून्यापासून वीस अंशांपर्यंतची चढण नाही. त्यामुळे विलायती हॅचचे तक्ते इथे कपाटातच ठेवावे लागतात. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ मेफ्लाय वर्षातून एकदा न येता कित्येक पिढ्या एका वर्षात उरकतात. बाराही महिने थोड्या थोड्या उठत राहतात. मग थंड देशातली उबेची बेरीज इथे कुठल्या कामाची?

याचा विचार करताना मला आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची गोष्ट फार उपयोगी पडली. विषुववृत्तावरचं ते पाणी, वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं. तिथे पोव्हिला नावाची मेफ्लाय पौर्णिमेनंतरच्या रात्रींत एकगठ्ठा बाहेर पडते, हे १९५०च्या दशकात नोंदवलं गेलं. जिथे ऊब सांगत नाही की आज निघायचं, तिथे चंद्र सांगतो. हे वाचलं आणि मी माझ्या वहीत इंग्रजी तारखेशेजारी तिथी लिहायला लागलो. आपल्याकडे ती सोय घरोघरी भिंतीवर टांगलेली आहे! चंद्राची तिथी आणि सूर्याचं नक्षत्र, दोन्ही एकाच चौकोनात.

माहुलीच्या खालच्या अंगाला जाळं टाकणारे एक भोई तात्या आहेत. त्यांना मी एकदा हातावर बसलेली पांढरी माशी दाखवली. ते म्हणाले, "ही व्हय? ही दिवा लावायच्या टायमाला येतीया. आवसंच्या अंगाला लई. आन् पानी खालवर झालं की मग येत न्हाय बगा, कितीबी दिस." तिथीचं त्यांचं म्हणणं माझ्या वहीतून अजून पक्कं झालेलं नाही, त्याला आणखी वर्षं द्यावी लागतील. पण दुसरं वाक्य ऐकून मी वाळूत बसलोच. पाणी खालवर झालं की माशी येत नाही.

कारण नेमकी हीच गोष्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर तपासली गेली आहे. ग्लेन कॅन्यन धरणाखाली विजेच्या मागणीप्रमाणे पाणी दिवसात वर-खाली होतं. पुष्कळ जलकीटक पाण्याच्या अगदी कडेला, दगडांना आणि गवताच्या काड्यांना अंडी चिकटवतात. पातळी उतरली की अंडी उघडी पडतात आणि काही तासांत वाळतात. एक अख्खी पिढी एका दुपारी जाते. म्हणून तिथे २०१८च्या मेपासून ऑगस्टपर्यंत शनिवार-रविवारी, विजेची मागणी कमी असताना, पाणी कमी आणि एकसारखं ठेवून पाहिलं. दोन दिवस घातलेली अंडी तरी बुडालेली राहावीत, एवढाच हेतू. त्या उन्हाळ्यात कॅडिस माश्या वाढलेल्या दिसल्या. धरण पाडलं नाही, वीज बंद केली नाही, नुसतं वेळापत्रक बदललं.

मला हे वाचताना कोयना दिसत होती. पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं की नदीपात्रात १०५० क्युसेक पाणी येतं, दोन्ही चालली की २१००. आम्ही हे आकडे पेपरात पुराच्या बातमीत वाचतो. पाटणच्या आसपास काठावर उभं राहिलं तर तोच आकडा पायांना कळतो, घोट्याएवढं पाणी पोटरीला येतं, गार असतं, आणि काही वेळानं दगड परत उघडे पडतात. पाटणलाच केरा कोयनेला मिळते. पावसाळा ओसरल्यावर केरेतले दगड उलटून बघावेत आणि मग कोयनेतले. केरेच्या दगडाखाली जी चपट्या अंगाची, दगडाला गच्च धरून बसणारी मेफ्लायची पिल्लं मला दिसतात, ती कोयनेच्या काठच्या उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात मला क्वचित मिळाली. माझी ही पाहणी शास्त्रीय म्हणण्याइतकी मोठी नाही. पण सिंचनाची आवर्तनं आणि विजेच्या पाळ्या ठरवताना टेबलावर ऊस, गावं आणि मेगावॉट यांच्या शेजारी दगडाखालच्या या जीवांसाठी एक ओळ असावी, असं मला मनापासून वाटतं. मासे याच किड्यांवर जगतात, आणि तात्यांचं घर माशांवर.

कृष्णेवर हा प्रश्न वेगळा आहे. तिथे बंधारे आहेत. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे टाकतात आणि पाणी तुंबतं. शेतीला ते हवंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खळखळत्या, दगडगोट्यांच्या पात्रात वाढणाऱ्या किड्याला तुंबलेलं पाणी म्हणजे दुसरा देश. बर्गे पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत संध्याकाळच्या माश्या बदलतात. मेफ्लाय आणि कॅडिस कमी होतात, गाळात वाढणारी बारीक चिलटं वाढतात. ती चावत नाहीत, नुसती गुणगुणत खांबासारखा थवा करून उभी राहतात. चिलापी त्यांच्यावर खूश असते. महसीरसारख्या वाहत्या पाण्याच्या माशाला मात्र वर कुठेतरी धावतं पाणी शोधावं लागतं. म्हणून सहलीची वेळ विचारणाऱ्याला मी बर्ग्यांचं आधी सांगतो.

पुलांच्या दिव्यांचंही एक आहे. अंडी घालायला निघालेली मेफ्लाय पाणी ओळखते ते पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या, आडव्या कंप पावणाऱ्या प्रकाशावरून. ओला किंवा गुळगुळीत डांबरी रस्ता तोच प्रकाश परावर्तित करतो. दिवा तिला पुलावर ओढतो आणि रस्ता तिला नदी वाटतो. सकाळी पुलाच्या कठड्याशी जो मऊ कचरा झाडूवाला गोळा करतो, त्यात पुढच्या वर्षीची नदी असते. हंगेरीत डॅन्यूबवरच्या एका पुलाखाली संशोधकांनी पाण्याच्या अंगाला दिवे बसवून या माश्यांना खाली, नदीवरच थोपवून धरलं. आपल्याकडे घाटांचं सुशोभीकरण करताना दिवे पाण्याकडे किती, रस्त्याकडे किती, एवढा विचार जरी झाला तरी पुष्कळ आहे.

आता मृगाचं सांगतो, कारण सगळा प्रश्न तिथेच येऊन ठेपतो. ७-८ जूनला मृग लागतं. पहिला दमदार पाऊस झाला की बांधावर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो, आणि त्याच आठवड्यात एखाद्या उमसलेल्या संध्याकाळी जमिनीतून वाळवी पंख लावून उठते. घरात दिवे विझवून बसावं लागतं. नदीकाठी असाल तर ती पाखरं पाण्यावर शिंपडल्यासारखी पडतात, आणि पाण्यातला लहान-मोठा प्रत्येक मासा वेडा होतो. चरबीनं भरलेलं असं अन्न त्याला पुन्हा वर्षभर मिळत नाही. एरवी संशयी असलेला महसीरही अशा वेळी वर येऊन गिळतो. फ्लाय फिशिंगच्या भाषेत बोलायचं तर आपल्या नद्यांवरची ही वर्षातली सगळ्यात मोठी हॅच. गावठी कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं घेऊन वाळवीची हुबेहूब प्रतिकृती बांधता येते. मी बांधलेलीही आहे, डबीत आहे.

आणि मी त्या दिवसांत नदीवर काठी घेऊन जात नाही.

कारण तेच दिवस चढणीचे. नवं गढूळ पाणी आलं की मासे उलट्या धारेला लागतात, ओढ्या-नाल्यांत, भाताच्या खाचरांपर्यंत चढतात, अंडी सोडायला. महसीरची वीणही पुढच्या पावसाळी महिन्यांतलीच. वाळवीचं ते जेवण त्यांना या चढणीसाठीच मिळतं. पोटात अंडी असलेला मासा आकड्यावर घेऊन, दमवून, फोटो काढून, "सोडून दिला" म्हणणं मला पटत नाही. दमलेला मासा पाण्यात परत जातो, पण त्याची ताकद कुठल्या कामासाठी होती ते आपल्याला माहीत असतं. गावाकडे चढणीचे मासे आवडीनं खातात, आमच्या घरीही लहानपणी यायचे, त्यांची चव मला आठवते. ज्यांच्या ताटातलं ते वर्षाचं अप्रूप आहे त्यांना मी काय सांगणार? पण छंद म्हणून मासेमारी करणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, मृगापासून पुढे पाऊस ओसरेपर्यंत येऊ नका. समुद्रात जून-जुलै बंदी असते ती याच समजुतीनं. नदीवर आपली आपण पाळायची.

त्या काळात करण्यासारखं खूप असतं. मी रेनकोट घालून काठावर बसतो. पहिली वाळवी कुठल्या संध्याकाळी उठली, आधी किती पाऊस झाला होता, तिथी कुठली, हे लिहितो. ओढ्याच्या तोंडाशी मासे कधी चढले तेही लिहितो. वहीची ही पानं मला मासा धरलेल्या पानांपेक्षा जास्त प्रिय आहेत.

मग या कधी? सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो. हत्तीचा पाऊस एकदा गडगडून गेला आणि पाणी निवळायला लागलं की पुरानं धुऊन काढलेल्या दगडांवर नवं शेवाळ धरतं आणि त्यावर किड्यांची नवी पिढी वाढते. मोठा पूर आलेला असेल तर याला जास्त वेळ लागतो. २०१९च्या महापुरानंतर दगडाखाली कितीतरी काळ नुसती वाळू होती. साधारण चित्रा आणि स्वाती, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, बर्गे पडायच्या आधीचं धावतं पाणी मिळालं तर ते साधावं. दुपारी चारला या. बारीक आकडे आणा, चौदा आणि सोळा नंबरचे, काटा चिमटून बोथट केलेले. सोबत थर्मामीटर आणा. तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा, पाणी त्यांचं आहे. कोयना अभयारण्याच्या आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पाऊल टाकू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे. आणि निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करा, कारण धरणातून पाणी सोडलं असेल तर मी तुम्हाला चार दिवस थांबा म्हणेन.

सांगलीकडच्या वाचकांना एक विनंती. इर्विन पुलाच्या, हरिपूरच्या संगमाच्या किंवा तुमच्या गावच्या बंधाऱ्याच्या दिव्याखाली संध्याकाळी पंख उभे धरून बसणारी, मागे दोन-तीन लांब शेपट्या असलेली नाजूक माशी दिसली, तर तारीख, तिथी आणि पाणी चढतं होतं की उतरतं, एवढं लिहून ठेवा. फोटो मिळाला तर उत्तमच. माझ्या वहीत माहुलीच्या खालची पानं जवळजवळ कोरी आहेत, आणि नदी तर तिथून पुढे कितीतरी मोठी होते.